घरटे सोडलेले पिलू आणि घरातले कुत्रे

चैत्र-वैशाखातील एखाद्या सकाळी घराच्या आवारात, तगरीच्या किंवा मेंदीच्या झुडपाखाली, बुलबुलाचे एक पिलू बसलेले आढळते. अंगावर पिसे आहेत, पण शेपूट अगदीच आखूड. चोचीच्या दोन्ही कडांना पिवळसर झालर. उडावयाचा प्रयत्न केला तर हात-दोन हातांवर जाऊन पुन्हा जमिनीवर. घरातील माणसे ते पाहतात आणि ‘पिलू पडले’ असे म्हणतात. ह्या दोन शब्दांच्या वाक्यात एक निदान दडलेले असते : अपघात झाला आहे आणि त्यावर उपाय करावयास हवा. त्यानंतर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कोणी त्या पिलास उचलून खोक्यात ठेवतो, कापसाच्या बोळ्याने दूध पाजतो, आणि ते एक-दोन दिवसांत मरते. किंवा त्याला तेथेच सोडून माणसे आपल्या कामाला लागतात, घरातील कुत्रे नेहमीप्रमाणे अंगणात मोकळे सोडले जाते, आणि पिलू काही क्षणांत मरते. दोन्ही प्रसंगी माणसांचा हेतू वाईट नसतो. चूक झालेली असते ती पहिल्या वाक्यात. ज्याच्या अंगावर पिसे आली आहेत असे पिलू बहुतेक वेळी पडलेले नसते; ते घरटे सोडून निघालेले असते.

प्रस्तुत लेखात ह्या अवस्थेचे स्वरूप, तीत पाळीव कुत्र्यापासून उद्भवणारा धोका आणि त्यावरील उपाय ह्यांचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहता प्राणिशास्त्राचा आहे. परंतु त्यात निदान तीन ठिकाणी भाषेचा संबंध येतो : पक्ष्यांच्या हाकांत, पिलाला आपण देत असलेल्या नावात, आणि कुत्र्याला उद्देशून उच्चारलेल्या शब्दांत. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयाकडे पाहिल्यास ते अप्रस्तुत ठरू नये.

१. पिलाच्या दोन अवस्था

अंड्यातून बाहेर पडलेली सर्वच पिले सारखी नसतात. कोंबडीचे किंवा टिटवीचे पिलू जन्मतःच डोळस असते. अंगावर लव असते आणि अल्पावधीतच ते आईमागून चालू लागते. त्याला घरट्याची गरज जवळजवळ नसते. उलट बुलबुल, दयाळ, शिंपी, चिमणी, साळुंकी, सातभाई ह्यांची पिले जन्मतः उघडी, आंधळी व सर्वस्वी परावलंबी असतात. आपल्या अंगणातील बहुतेक नेहमीचे पक्षी ह्या दुसऱ्या वर्गात मोडतात.

ह्या वर्गातील पिलाच्या आयुष्यात दोन निरनिराळ्या अवस्था येतात. पहिली घरट्यातील. लालबुड्या बुलबुलाची अंडी उबवावयास सुमारे दोन आठवडे लागतात; त्यानंतर पिलू घरट्यात राहते ते दोन आठवड्यांहूनही कमी काळ. ह्या अवधीत डोळे उघडतात, त्वचेतून पिसांचे कोंब निघतात आणि ते उलगडू लागतात. दुसरी अवस्था घरटे सोडल्यानंतरची. पिलाला फांदी घट्ट धरता येते, उड्या मारता येतात, थोडेसे फडफडता येते. परंतु उडता येते असे म्हणणे धाडसाचे होईल. स्वतःचे अन्न शोधणे तर त्याला मुळीच साधत नाही. आई-बाप त्याला झुडपात, फांदीवर, प्रसंगी जमिनीवर येऊन भरवीत असतात. असे पुढे काही आठवडे चालते. अनेक जातींत नर व मादी पिले आपसांत वाटून घेतात. त्यामुळे एक पिलू एका कोपऱ्यात आणि दुसरे बरेच दूर, असे दृश्य दिसते. अशा एकट्या दिसणाऱ्या पिलाला पोरके समजणे ही सर्वसामान्य चूक होय.

दोन अवस्थांमधील भेद ओळखणे कठीण नाही. उघडे, किंवा केवळ पिसांचे कोंब असलेले, बसल्या जागी लोळणारे पिलू हे घरट्यातील होय. पिसांनी झाकलेले, आखूड शेपटीचे, पायांनी बोट वा काटकी पकडणारे पिलू हे घरटे सोडलेले होय. पहिले घरट्याबाहेर सापडले तर तो खरोखरच अपघात असतो. दुसरे घरट्याबाहेर असणे हाच त्याचा क्रम होय.

२. उडता येण्यापूर्वी घरटे का सोडावयाचे?

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. पंखांत बळ आल्यावरच घरटे सोडले तर पिलाचा धोका टळणार नाही काय? पिलापुरते पाहिल्यास ह्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. परंतु घरटे ही तितकीशी सुरक्षित जागा नव्हे. तेथे सर्व पिले एकत्र असतात; त्यांचा आवाज असतो, वास असतो, आणि आई-बापांच्या सततच्या येण्याजाण्याने घरट्याचा ठावठिकाणा उघड होत असतो. साप, कावळा, भारद्वाज, मांजर ह्यांपैकी कोणालाही घरटे सापडले की बहुधा सर्वच पिलांचा एकदम नाश होतो. पिले घरटे सोडून इतस्ततः पांगली म्हणजे एक गेले तरी दुसरे वाचण्याची शक्यता राहते.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ टॉमस मार्टिन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ह्या विषयाचा शोध घेतला आहे. ज्या जातींच्या घरट्यांवर शत्रूंचे हल्ले अधिक होतात त्या जातींची पिले पंख कमी वाढलेले असतानाच घरटे सोडतात, आणि परिणामी घरट्याबाहेर पडल्यावर त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक असते, असे त्यांना आढळले. पिलांना बाहेर पडावयास मुद्दाम थोडा उशीर करावयास लावला तेव्हा त्यांचे उड्डाण सुधारले व ती अधिक संख्येने जगली. तात्पर्य, पिलू जमिनीवर येते ते दोन संकटांपैकी एकाची निवड म्हणून. घरट्यातील संकट टाळण्यासाठी ते बाहेरचे संकट पत्करते. बाहेरच्या संकटाचा सर्वांत कठीण काळ म्हणजे पहिले काही दिवस होत. पाळीव कुत्र्याची गाठ पडते ती नेमकी ह्याच दिवसांत.

३. पिलाचे स्तब्ध राहणे आणि कुत्र्याचे नाक

शत्रूची चाहूल लागताच घरटे सोडलेले पिलू पळत नाही. ते जागच्या जागी स्तब्ध होते. त्याचा मळकट, ठिपकेदार किंवा फिकट रंग पालापाचोळ्यात मिसळून जातो. वरून घिरट्या घालणाऱ्या शिक्र्याच्या किंवा कावळ्याच्या दृष्टीला ते दिसत नाही. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या शत्रूपुढे हा उपाय उत्तम आहे. परंतु कुत्रा मुख्यतः नाकाने शोध घेतो. स्तब्धतेने वास लपत नाही. किंबहुना पिलू जागचे हलत नाही म्हणून ते कुत्र्याला अधिक सहजपणे सापडते. नंतर कुत्र्याचे नाक अगदी अंगाला लागले की पिलू फडफडते, आणि ह्या फडफडीने कुत्र्याची पुढची प्रतिक्रिया जागी होते.

रेमंड कॉपिंजर ह्या अभ्यासकाने कुत्र्याच्या शिकारी वर्तनाची एक साखळी वर्णिली आहे : वेध घेणे, रोखून पाहणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे व फाडून खाणे. लांडग्यात ही साखळी अखंड असते. माणसाने कुत्र्यांच्या जाती तयार करताना तिच्यातील काही कड्या बळकट केल्या व काही क्षीण केल्या. मेंढ्या वळविणाऱ्या कुत्र्यात रोखून पाहणे व पाठलाग ह्या कड्या राहिल्या. लॅब्राडोरसारख्या, मारलेला पक्षी मालकाकडे आणून देण्यासाठी जोपासलेल्या जातीत तोंडात धरणे ही कडी राहिली, पण चावा सौम्य झाला. उंदीर-घुशींच्या शिकारीसाठी वाढविलेल्या टेरियर जातींत झडप व झटका ह्या कड्या तीव्र राहिल्या. ‘आमचा कुत्रा गरीब आहे, तो काही करीत नाही’ हे मालकाचे विधान म्हणूनच अपुरे ठरते. माणसांशी गरीब असणे आणि फडफडणाऱ्या वस्तूवर झडप न घालणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध स्वभावाशी आहे, तर दुसरीचा जातीत मुरलेल्या वर्तनाशी.

सौम्य चाव्यावर विसंबणेही योग्य नव्हे. शिंप्याचा पूर्ण वाढलेला पक्षीही दहा ग्रॅमांहून अधिक भरत नाही. त्याच्या पिलाला खेळातील पकडही प्राणघातक होते. शिवाय पक्ष्यांच्या श्वसनाची रचना निराळी आहे. सस्तन प्राण्यांप्रमाणे त्यांना श्वासपटल नसते. छातीचे हाड खालीवर हालल्यानेच हवा आत-बाहेर होते. छाती आवळली गेली की अंगावर एकही जखम नसताना पक्षी गुदमरतो. आणि दात जरासे लागले तरी कुत्र्याच्या लाळेतील जंतू आत शिरतात. जखम टिकलीएवढी दिसते, पण जंतुदोष पसरून पिलू दगावते. यास्तव कुत्र्याच्या तोंडातून सोडविलेले पिलू वरून धडधाकट दिसले तरी ते पशुवैद्याकडेच नेले पाहिजे.

४. धोक्याची हाक

ह्या सर्व प्रसंगात पिलाचे आई-बाप मुके नसतात. अंगणात बुलबुलाची जोडी एकाएकी कर्कश, तुटक आवाज पुन:पुन्हा काढू लागते. दयाळ त्यात आपला घोगरा स्वर मिळवितो. शिंपी फांदीफांदीवरून ‘टिवीट्-टिवीट्’ असा घोषा लावतो. घरातील माणसे ह्याला ‘पाखरांचा कलकलाट’ असे म्हणून सोडून देतात. वस्तुतः तो कलकलाट नव्हे. त्यात अर्थ आहे, आणि तो अर्थ बऱ्याच अंशी वाचता येतो.

पीटर मार्लर ह्यांनी १९५५ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात पक्ष्यांच्या हाकांच्या ध्वनिरूपाविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. आकाशातून ससाणा येताना काही युरोपीय पक्षी जी हाक देतात ती बारीक, उंच स्वराची, हळूहळू सुरू होऊन हळूहळू विरणारी असते. अशा आवाजाची दिशा ओळखणे कठीण जाते. हाक देणारा स्वतः उघडा पडत नाही. उलट बसलेल्या किंवा जमिनीवरील शत्रूला हुसकावण्यासाठी जमून दिलेली हाक तुटक, अनेक कंपनसंख्या एकत्र असलेली व वारंवार येणारी असते. स्पर्श व्यंजनाच्या स्फोटाप्रमाणे तिचा आरंभ स्पष्ट असतो. त्यामुळे तिची जागा सहज कळते. कळावी, हाच तिचा हेतू असतो. इतर पक्ष्यांनी तेथे जमावे व शत्रूला ‘तू दिसलास’ हे समजावे, अशी ती हाक आहे.

ह्याहून उद्बोधक उदाहरण जपानमधील आहे. तोशिताका सुझुकी ह्यांनी टिट कुलातील एका लहान पक्ष्याचा अभ्यास करून २०११ साली असे दाखविले की, कावळा व साप ह्या दोन शत्रूंसाठी आई-बापांच्या हाका वेगळ्या असतात आणि घरट्यातील पिले त्यांना वेगळा प्रतिसाद देतात. कावळ्याची हाक ऐकून पिले ढोलीत खाली दबून बसतात. कावळ्याची चोच वरून आत येते, म्हणून दबणे हाच उपाय. सापाची हाक ऐकून मात्र ती घरट्याबाहेर उडी घेतात. साप ढोलीत शिरला तर दबून बसणे म्हणजे मरणे. एका हाकेचा अर्थ ‘दबा’ आणि दुसरीचा ‘निघा’ असा होतो. चार्ल्स हॉकेट ह्यांनी १९६० साली मानवी भाषेची जी लक्षणे विशद केली त्यांतील अर्थवत्ता हे लक्षण अशा हाकांना नाकारता येणार नाही, मग इतर लक्षणांबाबत मतभेद असले तरी चालेल.

ह्या विवेचनातून अंगणापुरते दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, बुटक्या झुडपाभोवती तुटक हाकांचा घोषा सुरू झाला आणि तो थांबेना, तर जवळपास घरटे सोडलेले पिलू आहे व त्याच्या आसपास मांजर, साप किंवा कुत्रा आहे, असे समजावे व प्रथम कुत्र्याला आत बोलवावे. दुसरा निष्कर्ष तितकासा स्पष्ट नसला तरी महत्त्वाचा आहे. घरटे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी कोणी घरट्याशी लगट केली, मग तो कुत्रा असो वा कुतूहलाने फांदी वाकविणारा माणूस असो, तर पिले भीतीने वेळेपूर्वीच बाहेर उड्या घेतात. पंख आणखी अपुरे असताना ती जमिनीवर येतात. म्हणून ह्या दिवसांत घरट्यात डोकावण्याचा मोह आवरावयास हवा.

५. एक शब्द, दोन अवस्था

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. ‘पिलू पडले’ ही चूक केवळ अज्ञानाची आहे की शब्दानेही तिला हातभार लावला आहे?

प्राण्यांच्या वाढीच्या अवस्थांना नावे देण्याच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. गाईचे वासरू; ते मादी असेल तर पुढे कालवड, नर असेल तर गोऱ्हा. म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू, हरिणाचे पाडस, सिंहाचा छावा. कोंबडीच्या बाबतीतही पिलू आणि अंडी घालू लागणारी कोंबडी ह्यांमधल्या अवस्थेस तलंग हा शब्द आहे. ज्या प्राण्याच्या वाढीवर शेतकऱ्याचा संसार अवलंबून असतो त्या प्राण्याची प्रत्येक अवस्था त्याने नाव देऊन वेगळी केली. बुलबुल किंवा दयाळ ह्यांच्या वाढीत कोणाचा व्यवहार गुंतलेला नव्हता. म्हणून त्यांच्या बाबतीत एकटे ‘पिलू’ सर्व कामे करते. अंड्यातून निघालेले तेही पिलू, आणि झुडपात उड्या मारणारे तेही पिलूच.

इतर भाषांत हा भेद नोंदला गेला आहे. इंग्रजीत नेस्टलिंग आणि फ्लेजलिंग असे दोन शब्द आहेत. जर्मनमध्ये घरटे सोडून फांद्यांवर वावरणाऱ्या, विशेषतः घुबडाच्या, पिलास एस्टलिंग, म्हणजे फांदीवरचे, असे म्हणतात. ससाणे पाळणाऱ्या इंग्रज शिकाऱ्यांनीही फांदीवर आलेल्या पण न उडणाऱ्या ससाण्यास स्वतंत्र नाव दिले होते, कारण पिलू कोणत्या अवस्थेत पकडले ह्यावर त्याचे पुढचे शिक्षण अवलंबून असे. येथेही नाव आले ते व्यवहाराच्या मागून. संस्कृतात शावक, पोत, डिंभ हे शब्द लहानपणच तेवढे सांगतात. परंतु ‘अजातपक्ष’ हे विशेषण अवस्थेचा नेमका निर्देश करते.

शब्द नसला म्हणजे वस्तू दिसत नाही, असा टोकाचा सिद्धान्त येथे मांडावयाचा नाही. नियमाने पक्षी पाहणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला हा भेद शब्दावाचून कळतो. परंतु सल्ला मात्र शब्दांतूनच द्यावा लागतो. ‘पिलू सापडले तर उचलून घरट्यात ठेवा’ हे वाक्य पहिल्या अवस्थेला लागू केले तर जीव वाचवते, आणि दुसऱ्या अवस्थेला लागू केले तर निरर्थक ठरते. कारण घरटे सोडलेले पिलू परत घरट्यात ठेवले तरी ते पुन्हा बाहेर उडी घेते, व त्या धडपडीत त्याची भावंडेही वेळेपूर्वी बाहेर पडू शकतात. एकाच शब्दावर दोन परस्परविरुद्ध उपदेश टांगलेले आहेत, ही खरी अडचण होय.

मराठीतील वाक्प्रचारही ह्या समजुतीला बळ देतात. ‘पंख फुटणे’ म्हणजे स्वतंत्र होणे. ‘पंख फुटले, उडून गेले’ ह्या दोन क्रियापदांच्या मध्ये काही घडते, हे भाषेच्या ध्यानी नाही. काव्यातील पिलूही बहुधा घरट्यात आईची वाट पाहत बसलेले असते. वास्तवात पंख फुटणे आणि उडणे ह्यांच्या मध्ये जमिनीवरचे काही दिवस असतात, आणि पिलाचे जगणे-मरणे बहुतांशी त्या दिवसांतच ठरते.

ह्यासाठी नवे शब्द हवेत काय? ‘उडाऊ पिलू’ हा शब्द सहज सुचतो, पण ‘उडाऊ’ने खर्चिक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘उडते पिलू’ म्हणावे तर ते उडत नाही, हीच तर मुख्य गोष्ट. उड्डाणापेक्षा घरटे सोडणे हे ह्या अवस्थेचे खरे लक्षण असल्याने शास्त्रीय लेखनात ‘नीडस्थ’ व ‘नीडमुक्त’ अशी जोडी चालू शकेल. बोलण्यात मात्र ‘घरट्यातले पिलू’ आणि ‘घरटे सोडलेले पिलू’ एवढे म्हटले तरी काम भागते. शब्द थोडे लांब आहेत, पण सापडलेल्या पिलाकडे पाहून दोहोंपैकी कोणता लावावयाचा, हे ठरविताना माणूस क्षणभर थांबेल. तो क्षण पुरेसा असतो.

६. अंगणात काय करावे

पिलू घरट्यातले असेल तर, घरटे हाती लागत असल्यास, ते त्यात अलगद ठेवावे. ह्या बाबतीत एक जुना समज आड येतो. माणसाने शिवलेल्या पिलाला त्याचे आई-बाप आपल्यात घेत नाहीत, असे मानले जाते. हा समज निराधार आहे. हे लहान पक्षी आपल्या पिलाला मुख्यतः आवाजाने, हालचालीने व स्थानाने ओळखतात. माणसाचा स्पर्श झाला म्हणून ते त्याचा त्याग करीत नाहीत. मराठीत ‘शिवणे’ ह्या क्रियापदाला नुसत्या स्पर्शाचा नव्हे, तर विटाळाचा अर्थ चिकटलेला आहे. माणसांनी आपल्या समाजातील एक दुष्ट रूढी पाखरांवर लादली, एवढेच ह्या समजाविषयी म्हणता येते. पाखरांच्या जगात तिला जागा नाही.

पिलू घरटे सोडलेले असेल तर पिलाला हलविण्याऐवजी कुत्र्याला आवरणे हा मुख्य उपाय होय. पिलू उघड्यावर, वाटेवर किंवा पाण्याच्या हौदाजवळ असेल तरच त्याला उचलून जवळच्याच दाट झुडपात ठेवावे. उचलताना छाती आवळू नये. फार दूर नेऊ नये, म्हणजे त्याच्या हाकेवरून आई-बापांना ते सापडते. नंतर दूर उभे राहून पाहावे. माणूस जवळ असेपर्यंत आई-बाप खाली उतरत नाहीत. त्यांच्या येण्यातील खंड पाहून पिलू पोरके झाले असा निष्कर्ष घाईने काढू नये. दूध, भात, पाव ह्यांपैकी काहीही भरवू नये. पक्ष्यांना दूध पचत नाही आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते.

कुत्र्याच्या बाबतीत पहिले पथ्य वेळेचे आहे. पिलू दिसल्यापासून आठ-दहा दिवस कुत्र्याला अंगणात मोकळे सोडू नये. साखळीला धरूनच बाहेर न्यावे. ह्या अवधीत बहुतेक पिले निदान बुटक्या फांद्यांवर चढण्याइतकी सक्षम होतात. प्रत्येक वेळी बाहेर नेण्यापूर्वी माणसाने एकट्याने झुडपांच्या बुंध्यांशी नजर टाकून यावे. कुत्र्याचे खाण्या-पिण्याचे भांडे झुडपांपासून दूर ठेवावे. अंगण मोठे असेल तर त्याचा एक भाग तात्पुरत्या जाळीने वेगळा करावा. दाट, बुटकी, शक्य तर काटेरी झुडपे, उदाहरणार्थ कोरांटी, बोगनवेल किंवा मेंदीचे कुंपण, ही पिलांची खरी आश्रयस्थाने होत. त्यांची छाटणी विणीच्या हंगामात करू नये. शिंप्यासारखा पक्षी तर कमरेएवढ्या झुडपाची पाने शिवून घरटे करतो. तेथे छाटणी म्हणजे घरट्याचाच नाश.

दुसरे पथ्य शब्दांचे आहे. बॉर्डर कॉली जातीच्या रिको नावाच्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येत होती, असे २००४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कुत्र्याची शब्द ओळखण्याची शक्ती लहान नाही. माणसाचा शब्दप्रयोगच बहुधा ढिसाळ असतो. अनेक घरांत ‘नो’ हा एकच शब्द सोफ्यावर चढणे, पाहुण्यावर भुंकणे, चप्पल चावणे व पाखरावर झडप घालणे ह्या सर्वांसाठी वापरला जातो. त्यातून काय करू नये हे कळत नाही, आणि काय करावे हे तर कळतच नाही. त्याऐवजी प्रत्येक कृतीला एक स्वतंत्र शब्द असावा : तोंडातील वस्तू टाकण्यासाठी ‘सोड’, मालकाकडे परत येण्यासाठी ‘ये’. शब्द मराठी असो वा इंग्रजी, तो घरातील सर्वांनी एकच वापरावा, एकदाच उच्चारावा आणि आज्ञा पाळल्यावर खाऊ देऊन तिचे मोल वाढवावे. हे शिक्षण पिलू दिसल्यावर सुरू करून उपयोग नाही. ते माघ-फाल्गुनातच, घरातील चेंडूवर व दोरीवर पक्के व्हावयास हवे. कुत्रा पिलामागे धावत असताना मागून ओरडत पळणे सर्वांत घातक. कुत्र्याला त्यात मनाई ऐकू येत नाही; मालकही आपल्या पाठलागात सामील झाला, असेच त्याला वाटते.

जखमी पिलू सापडल्यास त्याला हवा खेळणाऱ्या लहान खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात व शांत जागी ठेवून पशुवैद्याकडे किंवा वनविभागाकडे पोहोचवावे. घरी वाढविण्याचा विचार करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बुलबुल, दयाळ ह्यांसारखे वन्य पक्षी बाळगण्यास मनाई आहे. कायद्याचा भाग सोडला तरी, आई-बापांकडून अन्न शोधणे व शत्रू ओळखणे न शिकलेले पिलू पुढे मोकळे सोडले तरी टिकत नाही.

७. समारोप

महाभारताच्या आदिपर्वात खांडववनदाहाच्या प्रसंगी जरिता नावाच्या शार्ङ्गक पक्षिणीची कथा आली आहे. वणवा जवळ येत होता आणि तिची चार पिले अजातपक्ष होती. तिने त्यांना उंदराच्या बिळात शिरण्यास सांगितले. वरून माती लोटून ती आग अडविणार होती. पिलांनी नकार दिला. बिळातल्या उंदराला ससाण्याने नेले, हे आईने सांगूनही त्यांचा विश्वास बसला नाही. बिळात दुसरा उंदीर असला तर? त्यांनी आईलाच उडून जावयास सांगितले आणि स्वतः जागीच राहिली. कथेत अग्नी प्रसन्न झाला व पिले वाचली.

अंगणातील पिलाला वाचविण्यासाठी अग्नीला प्रसन्न करण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या पिलांचा युक्तिवाद आजही विचारात घेण्यासारखा आहे. सोडविणाऱ्याने दाखविलेली जागा मूळ संकटाहून अधिक घातक तर नाही ना? घरातील खोके, कापसाचा बोळा, माणसाची माया ही पिलाच्या दृष्टीने उंदराची बिळेच ठरतात. त्याला लागते ते एवढेच : दाट झुडूप, हाकेच्या अंतरावरील आई-बाप, आणि आठ-दहा दिवस साखळीला राहणारे एक कुत्रे. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बहुधा आधीच तेथे असतात. तिसरी तेवढी माणसाच्या हाती असते.